नऊपैकी शून्य

४ फेब्रुवारी

आजपासून माझं टेबल बदललं. सव्वीस वर्षं केसपेपरच्या खिडकीमागे काढली. आता शुगरच्या विभागात, वजनकाट्याच्या शेजारी, स्वतःचं टेबल आणि समोर दोन खुर्च्या. काम एकच: डॉक्टरांकडे जायच्या आधी प्रत्येक पेशंटला घरचे नऊ प्रश्न विचारायचे. कोणाबरोबर राहता, जेवण पुरतं का, औषध चुकतं का, इंजेक्शन ठेवायला थंड जागा आहे का, दवाखान्यात यायला सोबत आहे का, वगैरे. जिथे अडचण निघेल तिथे एक गुण. शिकवायला आलेले चष्मेवाले साहेब म्हणाले की शुगर गोळ्यांनी जितकी हलते त्याहून जास्त घराने हलते. पाचाच्या वर गुण म्हणजे घर धोक्याचं. त्या पेशंटच्या घरी नर्स जाणार आणि पायाला जखम असेल तर पायाच्या खोलीत त्याचा नंबर आधी लागणार. शून्य म्हणजे घर उत्तम, त्याने रांगेत थांबायचं.

साहेब असंही म्हणाले की रोज चार ओळी लिहीत जा, मन हलकं होतं. माझं मन काही जड नाही. पण वही फुकट मिळाली आहे, ती कोरी कशाला ठेवायची!

९ फेब्रुवारी

लोक सरळ खोटं बोलत नाहीत, ‘भागतं’ म्हणतात. जेवण पुरतं का? भागतं. औषध? भागतं. माझ्या हाताखाली एक नवी सिस्टर दिली आहे. ती ‘भागतं’ ऐकलं की ‘अडचण नाही’वर खूण करते आणि वर गोड हसते. मी तिला म्हटलं, अगं, भागतं म्हणजे भागत नाही. एवढं मराठी तरी येतं ना?

आज एक वॉचमन आले, पासष्टीचे, टाचेला जखम. जेवण पुरतं का विचारलं तर “भागतं की.” मी पेन खाली ठेवलं.

“काल सकाळी काय खाल्लंत?”

“चहा घेतला.”

“आणि दुपारी?”

“दुपारी मी झोपतो, बाई. रात्रपाळी असते.”

“झोप येते म्हणून झोपता, की भूक कळू नये म्हणून?”

मागे अकरा माणसं उभी होती. वॉचमननी आपल्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, “तसंच समजा.” सात गुण झाले, पायाच्या खोलीत परवाचा नंबर मिळाला. त्यांचं तोंड उतरलं ते उतरलंच, पण पाय तर वाचेल. दुपारी चहाच्या वेळी ऐकलं की स्टाफने माझं नाव ‘फौजदार’ ठेवलं आहे. मला मुळीच राग आला नाही.

१५ फेब्रुवारी

बाहेर फौजदारी करावी आणि घरी चोर पोसावा, अशी माझी गत आहे.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, वय एकोणसत्तर. लग्न केलं नाही. आई लवकर गेली तेव्हा यांना त्यांनीच वाढवलं. जन्मभर शाळेत बाई होत्या. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायचं नाही, हा त्यांचा वर्गातला नियम, तो घरीही पाळतात. नऊ वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हा आमच्याकडे आल्या आणि मागच्या खोलीत राहिल्या. शुगर जुनी आहे. दिवसातून तीनदा, जेवणाआधी, स्वतःच्या हाताने इंजेक्शन घेतात.

आज कामावरून आले तर फ्रिजमधला केक गायब. ऑफिसात एकांचा निरोपसमारंभ होता, तिथून यांनी आणलेला. विचारलं तर म्हणाल्या, “अचानक घाम फुटला. हात कापायला लागले. म्हणून दोन घास खाल्ले.”

“चोरी पकडली की सगळ्यांनाच घाम फुटतो,” मी म्हटलं.

हे हसले. वन्सं हसल्या नाहीत.

१६ फेब्रुवारी

फ्रिजला कडी बसवून घेतली आणि कुलूप लावलं. सकाळी साडेसातला हे आणि मी घरातून निघतो तेव्हा लावायचं, चारनंतर मी आले की काढायचं. किल्ली माझ्या पर्समध्ये. वन्संचं दुपारचं जेवण मोजून ताटात वाढून टेबलावर झाकून ठेवणार. उपाशी ठेवतेय असं कोणी म्हणायला नको.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “अगं, फ्रिजमधलं मला दुपारी लागतं.”

“फ्रिजमधलं दुपारी काही म्हणजे काही मिळणार नाही,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, “बरं” म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं होतं जोरदार भांडण होईल. एवढं मुकाट्याने ऐकून घेतलं म्हणजे मन खात असणार.

२ मार्च

सकाळी निघायच्या गडबडीत फ्रिज बंद करायला गेले तर इंजेक्शनचा डबा जागेवर नाही. शोधशोध केली. वन्संच्या उशीखाली! रोज चाळीस माणसांना मी घसा कोरडा करून सांगते की इंजेक्शन थंड जागी ठेवा, आणि माझ्याच घरात ते उशीखाली, उबवायला ठेवल्यासारखं. चांगलं खडसावलं. डबा परत फ्रिजमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं.

“तू हुशार आहेस,” वन्सं म्हणाल्या.

हे बुटाची नाडी बांधत होते. म्हणाले, “ताई, तिचं ऐकत जा. तिचं कामच आहे ते.” एरवी आम्हा दोघींच्या मध्ये हे कधी पडत नाहीत, आज पडले. मला बरं वाटलं.

२२ मार्च

नव्या सिस्टरला आज ताकीद दिली. नऊ प्रश्न झाले की ही बया स्वतःच्या मनाने दहावा विचारते, “अजून काही सांगायचंय का?” मग पेशंट रडतात आणि रांग तुंबते. मी म्हटलं, कागदावर जे नाही ते विचारायचं नाही. ती म्हणाली, “पण बाई, कधी कधी खरं तिथेच निघतं.” मी म्हटलं, खरं काढायला कान पिळावा लागतो, पाठ थोपटून निघत नाही.

मोठ्या डॉक्टरबाईंनी माझे कागद नमुना म्हणून बाजूला काढून ठेवले आहेत. जुलैत दुसऱ्या दवाखान्यांतले लोक बघायला येणार म्हणे. सव्वीस वर्षांत माझं कोणी काही बघायला आलं नव्हतं.

११ एप्रिल

वन्संची तीन महिन्यांची शुगर तपासली. आकडा बघून आमच्या लॅबवाल्याला वाटलं, नळी बदलली असेल.

घरी येऊन मागची खोली उलथीपालथी केली. गादीखाली, कपाटात, औषधाच्या पिशवीत, जुन्या हजेरीपुस्तकांच्या मागे. एक गोळी, एक बिस्किट सापडलं नाही. वन्सं खुर्चीत बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “माझ्या स्वेटरचे खिसे राहिले.” मी तेही बघितले.

क्षणभर मनात आलं, खरंच काही खात नसतील तर? पण मग शुगर येते कुठून, भिंतीतून? मग लक्षात आलं, शेजारीण रोज अकरा वाजता गप्पा मारायला येते. तीच पदराआड काहीतरी आणत असणार. तिला दारातच सांगितलं की आता येऊ नका. तिने दार जोरात लावलं.

वन्संच्या डाव्या टाचेला फोड आला आहे. चप्पल चावली म्हणतात.

५ मे

फोड फुटला आणि जखम झाली, खोल आहे. आज वन्संना दवाखान्यात नेलं. माझ्याच रांगेत उभ्या राहिल्या. मी कोणाला पुढे घेत नाही, त्यांनाही घेतलं नाही.

नियमाप्रमाणे आपल्या नातेवाइकाचे प्रश्न दुसऱ्याने विचारायचे. नवी सिस्टर कागद घेऊन उठली. मी म्हटलं, बस खाली, माझं घर मला माहीत आहे. आणि तिथल्या तिथे भरून टाकला. कोणाबरोबर राहतात? भाऊ आणि भावजय. जेवण पुरतं का? मोजून, वेळेवर, ताटात झाकून. औषध चुकतं का? नाही, दर महिन्याला मी स्वतः आणून देते. थंड जागा? फ्रिज. सोबत? मी. वाचता येतं का? आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला शिकवलं. एकेका प्रश्नापुढे रेघ ओढत गेले. नऊपैकी शून्य! या महिन्यात शून्य आलेला हा पहिलाच कागद, आणि तो माझ्या घरचा. अभिमान वाटला, का लपवू?

सिस्टरने शेवटी नाक खुपसलंच. “आजी, तुम्हाला अजून काही सांगायचंय?”

वन्संनी कागद हातात घेतला, चष्मा वर करून पूर्ण वाचला, जशा वह्या तपासायच्या तसा. मग म्हणाल्या, “तिने भरलंय ना? मग बरोबरच असेल.”

पायाच्या खोलीचा नंबर १६ जूनचा मिळाला. सहा आठवडे. मोठ्या डॉक्टरबाईंना एक शब्द टाकला असता तर उद्याचा मिळाला असता. पण फौजदाराने आपल्या माणसाला पुढे ढकललं असं कोणी म्हणायला नको. मी नाही टाकला.

२८ मे

ते वॉचमन आज चालत आले. जखम भरली आहे. म्हणाले, “बाई, त्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलंत, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाय राहिला.” मी नव्या सिस्टरकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

वन्संच्या जखमेला वास येतो. पट्टी मीच बदलते, दिवसातून दोनदा, त्यात कसूर नाही. हे म्हणाले, “नंबर आधीचा नाही का मिळणार? तू तिथे आहेस म्हणून विचारतो.” मी म्हटलं, तिथे आहे म्हणूनच नाही. अडीच आठवडे राहिले आहेत. शुगर खाली आणली तर जखम आपोआप भरेल, आणि शुगर खाली आणणं त्यांच्या हातात आहे. वन्सं छताकडे बघत होत्या. अंगात थोडी कणकण आहे.

४ जून

परवा सकाळी वन्संना शुद्ध नव्हती. तातडीच्या विभागात नेलं. काल डावा पाय गुडघ्याखाली काढला.

हे बाकावर बसून लहान मुलासारखे रडले. म्हणत होते, तिने मला पाठीवर बसवून शाळेत नेलंय. मला रडू आलं नाही. मी सह्या केल्या, औषधं आणली, कोणीतरी ते करायला हवं होतं.

७ जून

वन्सं घरी येणार म्हणून फ्रिज घासायला काढला. इंजेक्शनचा डबा उघडला. त्यांची दुपारची बाटली वेगळी असते, नारिंगी टोपणाची. महिन्याला एक. मी दर महिन्याला आणते आणि न बघता डब्यात टाकते.

चार नारिंगी बाटल्या. चारही सीलबंद.

पहिल्यांदा राग आला. बाई मुद्दाम घेत नाही, मला खाली बघायला लावायला! मग कुलूप हातात होतं ते दिसलं. साडेसात ते चार. जेवण बाहेर टेबलावर आणि इंजेक्शन आत. फ्रिजमधलं मला दुपारी लागतं, असं त्या म्हणाल्या होत्या. उशीखालून डबा मीच ओढून काढला होता. तीन महिने त्या माझं वाढलेलं जेवण इंजेक्शनशिवाय जेवत होत्या, आणि मी त्यांचे खिसे तपासत होते.

या वहीत तरी खरं लिहिते. सगळ्यात आधी मला टेबल आठवलं. जुलैतले पाहुणे, नमुन्याचे कागद. लाज त्यानंतर वाटली. पाय त्याच्याही नंतर आठवला.

कडी काढून टाकली. स्क्रूची भोकं राहिली आहेत. यांनी विचारलं, कुलूप का काढलंस? मी म्हटलं, गंजलं होतं.

९ जून

वॉर्डातून घरी सोडण्याआधी पुन्हा नऊ प्रश्न विचारतात. नवी सिस्टरच कागद घेऊन आली. या वेळी मी तिला बस म्हटलं नाही. पलंगाची दांडी धरून उभी राहिले.

“आजी, औषध चुकतं का?”

“दुपारचं चुकतं,” वन्सं म्हणाल्या.

“का बरं?”

वन्संनी चष्मा वर केला. माझ्याकडे बघत राहिल्या. गृहपाठ न केलेल्या मुलीला त्या अशाच उभं करत असणार, ती स्वतः कबूल करेपर्यंत. मला बोलायला जागा दिली होती त्यांनी, हे मला तेव्हाच कळलं. सिस्टरचं पेन थांबलं होतं. डॉक्टर शेजारच्या पलंगावरून इकडे वळले.

“वय झालं,” मी म्हटलं. “विसरतात.”

वन्संनी डोळे मिटले. “हो,” त्या म्हणाल्या. “मी विसरते.”

सिस्टरने एक गुण लिहिला. डॉक्टर म्हणाले, “मग औषधं यांच्या हातात अजिबात ठेवू नका. तुमच्या ताब्यात ठेवा. तुम्ही सांगाल तेव्हाच घेतील.” आणि तसं कागदावर लिहिलं. काळजी घेणाऱ्याची सही म्हणून खाली जागा होती. मी केली.

एका गुणात घरी नर्स येत नाही, पाचाच्या वर लागतात. यांनी आठवडाभर सुटी घेतली आहे. पुढे दिवसा बसायला शेजारणीला विचारावं लागेल. तिला विचारायचं काम माझंच आहे असं हे म्हणाले.

२५ जून

शेजारीण येते. माझ्याशी बोलत नाही, वन्संशी बोलते.

वन्सं रोज दुपारी साडेबाराला माझ्या टेबलावर फोन करतात. पेशंट समोर बसलेला असतो. “डॉक्टरांचा हुकूम आहे,” त्या म्हणतात, “तुला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. घेऊ का?” मी म्हणते, “घ्या.” त्या म्हणतात, “जरा मोठ्याने, ऐकू येत नाही.” मी मोठ्याने म्हणते, “घ्या!” रांग ऐकते. त्यांचे कान उत्तम आहेत. इतकी वर्षं पाठ फिरवून फळ्यावर लिहितानाही त्यांना कोण कुजबुजतंय ते कळायचं.

परवा मी म्हटलं, वन्सं, तुम्हीच घेत जा, फ्रिज उघडाच असतो. म्हणाल्या, “नको गं. मी विसरते.” घरात दुसरं काही बोलत नाहीत. मी चहा दिला तर घेतात, कप धुऊन ठेवता येत नाही म्हणून माफ कर म्हणतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मोठ्या डॉक्टरबाईंच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा आत पेशंट होता. एकदा नव्हता, पण मी आहे असं धरलं.

१० जुलै

पाहुणे आले. सात जण, माझ्या खुर्चीमागे अर्धगोल करून उभे राहिले. चष्मेवाले साहेबही आले होते. मी पांढरी साडी नेसले होते. समोर एक पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या, घरकाम करणाऱ्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. कोणाबरोबर राहता, इथून सुरुवात केली. छान चाललं होतं.

साडेबारा वाजले. फोन आला नाही. पाहुण्यांसमोर यायला नको होता, म्हणून आधी बरं वाटलं. पावणेएक. एक. मी तोच प्रश्न त्या बाईंना दोनदा विचारला. शेजारीण आज लेकीकडे गेली होती, हे मला एक वाजून दहा मिनिटांनी आठवलं. मी सगळ्यांसमोर फोन उचलला आणि घरी लावला.

पहिल्या घंटेलाच घेतला. फोन हातात धरूनच बसल्या असाव्यात.

“वन्सं, इंजेक्शन घेतलंत का?”

“आज तू विचारतेस का, ते बघत होते,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता.

“घेतलंत का, सांगा ना.”

“नाही. जेवण मात्र झालं. तुझ्या हातचं, मोजलेलं.” मग म्हणाल्या, “दोन पाय होते तेव्हा विचारलं नाहीस. आता एकासाठी कशाला एवढा जीव टाकतेस?” आणि फोन ठेवला.

मी उठायला हवं होतं. घर वीस मिनिटांवर आहे. पर्स पायाशीच होती. पाहुण्यांपैकी एकीने काळजीने विचारलं, “काही झालंय का?” मी म्हटलं, “नाही, घरचा फोन होता.”

चष्मेवाले साहेब पाहुण्यांकडे वळले. “पाहिलंत? काम मध्येच थांबवून घरच्या माणसाचं इंजेक्शन विचारणारी बाई आहे ही. या टेबलावर असंच माणूस हवं.” कोणीतरी वहीत लिहून घेतलं. समोरच्या बाई पदर गुंडाळायच्या थांबून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांचे पाच प्रश्न राहिले होते. मी चौथ्यापुढे रेघ ओढली आणि पाचवा विचारला.